जंगलवाटेवर अस्वल समोर आले तर : बचाव, उपचार आणि त्यानंतरची जबाबदारी

नाशिकच्या गिर्यारोहकाला बिबट्या नवीन नाही. अंजनेरी, ब्रह्मगिरीच्या परिसरात त्याचा वावर आहे, निफाड-सिन्नरच्या उसात तो पिल्ले वाढवतो आणि अधूनमधून थेट शहराच्या वस्तीतही शिरतो. त्यामुळे बिबट्या दिसल्यावर काय करावे, याची निदान ऐकीव माहिती तरी आपल्याकडच्या बहुतेक ट्रेकर्सना असते. अस्वलाचे तसे नाही. जिल्ह्यातल्या नेहमीच्या किल्ल्यांवर अस्वलाची गाठ सहसा पडत नाही, आणि म्हणूनच सुट्टी काढून तोरणमाळच्या सातपुड्यात, यावलच्या किंवा गौताळा-औट्रम घाट अभयारण्याच्या जंगलात जाणारे आपले गट अस्वलाची काहीही तयारी न करता निघतात. बिबट्यासाठी शिकलेलेच धडे तिथे उपयोगी पडतील असे ते गृहीत धरतात, आणि ऐन वेळी नेमके तेच अंगाशी येऊ शकते.

हा लेख अशा गटांसाठी आहे. अस्वलापासून बचाव करताना डोके, मान आणि डोळे शाबूत ठेवून जिवंत परतणे एवढेच उद्दिष्ट असावे. त्याला धडा शिकवणे हे आपले काम नाही. अस्वल झाडीत निघून गेल्यावर प्रसंग संपला असेही कोणी समजू नये. जखमीचे उपचार, वनखात्याकडे नोंद, गावकऱ्यांना इशारा आणि खुद्द त्या प्राण्याची सुरक्षितता ही सगळी जबाबदारी तिथून सुरू होते, आणि बहुतेक गट कमी पडतात ते याच टप्प्यावर.

आधी प्राणी समजून घ्यावा

आपल्याकडचे अस्वल काळे, लांब केसांचे, छातीवर पांढुरका पट्टा असलेले असते. त्याचे मुख्य अन्न वाळवी, मुंग्या, मध आणि फळे. मोहाच्या फुलांचा हंगाम आला की ते मोहाखाली ठरलेल्या वेळी हजेरी लावते. माणसाला खाण्यासाठी ते मारत नाही. त्याची नजर अधू, ऐकणे बेताचे आणि वास घेण्याची शक्ती मात्र विलक्षण तीक्ष्ण असते. वाळवी हुंगण्या-ओढण्यात गुंग झालेल्या अस्वलाला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही, आणि कळते तेव्हा ते दचकते. ज्या जंगलात वाघाशी सामना होत आला, तिथे या प्राण्याला पळून जाण्यापेक्षा उलट चाल करून येणेच जगवत आले. त्यामुळे फार जवळून दचकलेले अस्वल आधी अंगावर येते. हे एकदा नीट लक्षात घेतले की पुढच्या सगळ्या सूचनांचे कारण आपोआप कळते.

अस्वल उत्तम झाडावर चढते आणि माणसापेक्षा वेगाने धावते. पुढच्या पंज्यांची नखे सात-आठ सेंटिमीटर, कधी त्याहूनही लांब असतात आणि ती मांजरासारखी आत ओढली जात नाहीत. हल्ल्यात ते बहुधा चेहरा, डोके आणि हात यांवर वार करते. हिवाळ्यात जन्मलेली पिल्ले बाहेर येऊ लागली की आई त्यांना पाठीवर घेऊन फिरते, आणि अशा मादीइतके सावध व तापट जनावर त्या जंगलात दुसरे नसते.

वाटेवर चालताना

अस्वल आपल्याला लांबूनच ओळखेल अशी व्यवस्था करणे, हा सर्वांत खात्रीचा बचाव. पहाटे, संध्याकाळी आणि रात्री चालू नये. दिवसा ते शिळांच्या कपारीत, गुहेत किंवा दाट झुडपात विसावलेले असते, म्हणून अशा जागांत सावलीसाठी किंवा फोटोसाठी डोकावू नये. गट सलग ठेवावा. वळणावर, ओढ्याच्या खळाळात आणि वाऱ्याकडे तोंड करून चालताना मोठ्याने बोलावे, कारण त्या वेळी आपला वास आणि आवाज दोन्ही त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. काठीला घुंगरू किंवा लहान घंटा बांधून ती जमिनीवर आपटत चालणे हा साधा, स्वस्त आणि उपयोगी उपाय आहे. कानात हेडफोन घालून एकट्याने पुढे निघणारा सदस्य गटप्रमुखाने तिथल्या तिथे थांबवावा. पाळीव कुत्रा नेऊ नये. तो अस्वलाला डिवचतो आणि घाबरून मालकाकडेच पळत येतो.

खुणा वाचायला शिकणे फार मोलाचे आहे. वाळवीचे वारूळ मधोमध फोडलेले असेल, आत मूठ जाईल असा खड्डा असेल, उकरलेली माती भोवती विखुरलेली असेल आणि ती अजून ओलसर, गडद रंगाची दिसत असेल, तर अस्वल त्याच सकाळी तिथे होते असे समजावे. खड्ड्याच्या कडेवर नखांच्या समांतर रेघा स्पष्ट उमटलेल्या दिसतात. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा लांबट असतो, पाचही बोटे जवळजवळ एका ओळीत असतात आणि नखांच्या खुणा बोटांच्या बऱ्याच पुढे टेकलेल्या असतात. बिबट्याच्या ठशात चार बोटे असतात आणि नखे उमटत नाहीत. विष्ठेत बोराच्या, जांभळाच्या बिया किंवा वाळवीचे अवशेष दिसतात. अशा ताज्या खुणा दिसल्या की गटप्रमुखाने पुढे जावे की मागे फिरावे, हे तिथेच ठरवावे. माझ्या मते मोहाच्या हंगामात, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये, सकाळी लवकर मोहाच्या झाडांखालून जाणारी वाट टाळणे हाच शहाणपणा आहे. त्या वेळी तिथे मोहफुले वेचणारी माणसेही असतात, आणि आपल्या गोंगाटाने बुजलेले अस्वल त्यांच्या अंगावर जाऊ शकते.

समोर आल्यावर

अस्वल दूर आहे आणि त्याला आपला पत्ता नाही, अशी स्थिती असेल तर आवाज न करता, त्याच्यावर नजर ठेवून, आल्या वाटेने मागे यावे. मोबाईल काढण्यात गेलेले अर्धे मिनिट या वेळी परवडणारे नसते.

त्याने आपल्याला हेरले असेल, तर सगळ्यांनी एकमेकांना चिकटून उभे राहावे, मुलांना मधे घ्यावे, हलक्या, संथ आवाजात बोलत राहावे आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरकावे. अस्वल मागच्या पायांवर उभे राहिले म्हणजे ते हल्ला करणार असे नाही. बहुधा ते हुंगून अंदाज घेत असते. पळू नये, झाडावर चढू नये, दगड मारू नये. आई आणि पिल्ले यांच्या मधे आपण उभे तर नाही ना, हे पाहावे आणि असल्यास बाजूला होऊन त्यांना मोकळी वाट द्यावी.

ते चालून आले तरी गटाने फुटू नये. अनेकदा ही चाल अर्ध्यावर थांबते, आणि एकवटून उभ्या राहिलेल्या गटापेक्षा पळणारा एकटा माणूस सहज तावडीत सापडतो. मात्र अंगाला भिडणे आता अटळ आहे असे दिसताच लगेच पालथे पडावे. चेहरा जमिनीकडे, दोन्ही हातांची बोटे मानेमागे घट्ट गुंफलेली, कोपरे गालांशी घट्ट आणि पाठीवरची सॅक तशीच, ही मुद्रा घरी प्रत्येकाने सरावाने अंगवळणी पाडावी. पाय थोडे फाकवले तर अस्वलाला उलटे करणे जड जाते. त्याने उलटे केलेच, तर लोळत पुन्हा पालथे व्हावे. ओरडणे व हातपाय झाडणे टाळावे. धोका टळला असे अस्वलाला वाटले की बरेच हल्ले तिथेच थांबतात. अस्वल गेल्यावरही लगेच उठू नये. ते जवळच घुटमळत असेल तर हालचाल पाहून परत येते. एवढे करूनही हल्ला थांबत नसेल, तेव्हाच काठीने, हाती येईल त्याने नाकावर-तोंडावर प्रहार करून सुटका करून घ्यावी. इतरांनी त्या वेळी एकत्र येऊन मोठा आवाज करावा आणि काठ्या आपटाव्यात, पण एकेकट्याने मधे झेपावू नये.

बिबट्याच्या बाबतीत हाच क्रम उलटा आहे. त्याच्यासमोर वाकू नये, बसू नये. हात वर करून, सॅक डोक्यावर धरून मोठे दिसावे, दरडावून ओरडावे, पाठ दाखवू नये, आणि त्याने धरलेच तर सर्व शक्तीने प्रतिकार करावा. नाशिकच्या हरिहर गडावर जाताना हा नियम सांगावा आणि सातपुड्यात जाताना अस्वलाचा. एकाच दमात दोन्ही सांगितले की नवख्या सदस्याच्या डोक्यात गोंधळ होतो.

मिरचीच्या फवाऱ्याविषयी हमखास विचारणा होते. पर्समध्ये मावणारा छोटा फवारा अस्वलासाठी बनवलेला नसतो. त्याचा पल्ला थोडा, वारा उलटा असेल तर तो आपल्याच डोळ्यांत जातो. शिवाय अभयारण्यात शस्त्र नेण्यावर आणि वन्यजीवांना इजा करू शकणारे पदार्थ वापरण्यावर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३१ व ३२ मध्ये निर्बंध आहेत. म्हणून कोयता, फटाके किंवा फवारा परस्पर सॅकमध्ये टाकू नये. प्रवेशाची परवानगी घेताना वनरक्षकाशी बोलून काय ते ठरवावे.

जखमीला सांभाळताना

आधी संपूर्ण गट त्या जागेपासून सुरक्षित अंतरावर न्यावा. जखमीला हलवणे शक्य नसेल तर दोघांनी पहारा द्यावा आणि बाकीच्यांनी कामाला लागावे. एकाने १०८ व ११२ वर फोन लावावा. सातपुड्यात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, म्हणून जिथे शेवटची रेंज मिळाली ती जागा जातानाच लक्षात ठेवलेली असावी आणि तिथपर्यंत एकट्याला न पाठवता दोघांना पाठवावे.

चेहऱ्यावर जखम असेल तर रक्त घशात जाऊन श्वास कोंडू शकतो. शुद्धीवर असलेल्या माणसाला पुढे झुकवून बसवावे, बेशुद्ध असेल तर मानेला आधार देत कुशीवर वळवावे. डोक्याच्या कातडीतून रक्त फार वाहते आणि ते पाहून बरोबरचे लोक खचतात. कातडी सुटून लोंबत असेल तर ती ओढू नये आणि कापू तर मुळीच नये. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून त्या धारेने आतला पालापाचोळा काढावा, कातडी अलगद मूळ जागी बसवावी, वर स्वच्छ जाड कापडाची घडी ठेवून तळहाताने दाबावे आणि घड्याळ लावून दहा मिनिटे हात उचलू नये. मधेच कापड वर करून पाहिले की धरू लागलेली रक्ताची गाठ सुटते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे आणि मग क्रेप पट्टी हनुवटीखालून घेऊन बांधावी. हाताखाली कवटी दबत असल्यासारखी वाटली, तर नेमके त्या जागी न दाबता भोवतीने हलका दाब द्यावा. डोळ्याला इजा असेल तर त्यावर दाब न देता कागदी पेल्यासारखे काहीतरी झाकण ठेवून चिकटपट्टी लावावी. हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वरच्या बाजूला दोन-तीन बोटे रुंद पट्टी काठीने पिळून आवळावी आणि आवळल्याची वेळ लिहून ठेवावी.

हळद, चुना, तंबाखू, कॉफीची पूड यांतले काहीही जखमेत भरू नये. पहिले पाणी मिळेल तिथे, रक्तस्राव आटोक्यात असेल तर, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी. पंधरा मिनिटे हा काळ फार मोठा वाटतो, पण रेबीजविरुद्धचा पहिला उपाय हाच आहे. वन्य सस्तन प्राण्याने चावून किंवा ओरबाडून रक्त काढले, तर ती जखम सर्वांत गंभीर वर्गातली मानली जाते. म्हणजेच लसीबरोबर जखमेत व जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) द्यावे लागते. ते देण्याआधी घाईने टाके घालू नयेत, ही गोष्ट बरोबर असलेल्या माणसाने डॉक्टरांना आठवणीने विचारावी. लस स्नायूत दिली जात असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ हे दिवस असतात, कातडीत दिली जात असेल तर ०, ३, ७ आणि २८. पहिली सुई टोचली तो दिवस शून्य. धनुर्वाताची सुईही घ्यावी. छोट्या गावातल्या आरोग्य केंद्रात इम्युनोग्लोब्युलिन नसण्याची शक्यता असते, म्हणून रुग्णवाहिका निघतानाच ते कुठे मिळेल हे फोनवर विचारून त्याच रुग्णालयाकडे निघावे. नाशिकला परतल्यावर बघू, असा विचार करून कोणी रात्रभराचा प्रवास करू नये. ओरखडा छोटा दिसतो म्हणून लस टाळणारा सदस्य प्रत्येक गटात असतो; त्याचे ऐकू नये.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अस्वल आणि बिबट्या दोन्ही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहेत. कलम ९ नुसार त्यांच्या शिकारीला बंदी आहे, आणि शिकार या व्याख्येत ठार मारण्याबरोबर जखमी करणे, सापळ्यात पकडणे व विष घालणेही येते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान २५ हजार रुपये झाला आहे.

मग जीव वाचवताना अस्वल जखमी झाले किंवा मेले तर? कलम ११ च्या पोटकलम २ मध्ये याचे स्पष्ट उत्तर आहे. स्वतःच्या किंवा दुसऱ्या व्यक्तीच्या बचावासाठी सद्भावनेने वन्यप्राण्याला मारणे वा जखमी करणे हा गुन्हा ठरत नाही. मात्र याला एक अट आहे आणि प्रत्येक गटप्रमुखाने ती पाठ करावी : बचावाची वेळ आली तेव्हा ती व्यक्ती याच कायद्याचा भंग करणारे कृत्य करीत असेल, तर तिला हे संरक्षण मिळत नाही. परवानगीशिवाय अभयारण्याच्या बंद भागात शिरलेला, शस्त्र घेऊन फिरणारा किंवा पिल्लांना पकडू पाहणारा माणूस पुढे स्वसंरक्षणाचे कारण देऊ लागला, तर त्याची बाजू लंगडी पडते. नुकसानभरपाईचा विचार करतानाही बेकायदा प्रवेशाचा मुद्दा आड येतो. परवानगीची पावती ही नुसती औपचारिकता नसते, ती जपून ठेवावी.

बचावाचा हक्क धोका असेपर्यंतच असतो. अस्वल वळून झाडीत गेल्यानंतर त्याच्यामागे काठ्या घेऊन धावणे हा बचाव राहत नाही.

अस्वल मेले तर पोटकलम ३ नुसार ते सरकारी मालमत्ता होते. त्याला हात लावू नये, जागा बदलू नये, जवळ कोणाला येऊ देऊ नये. अस्वलाचे केस ताईतात घालण्याची समजूत आपल्याकडे जुनी आहे, अस्वल नाचवणारे दरवेशी ते विकत असत. त्यामुळे मेलेल्या अस्वलाभोवती जमलेल्या गर्दीतून केस, नखे, दात नाहीसे व्हायला वेळ लागत नाही. एक नख खिशात घातले तरी तो स्वतंत्र गुन्हा आहे. अस्वल जखमी होऊन गेले असेल तर त्याचा माग काढू नये; ते कोणत्या दिशेने गेले, कोणत्या अवयवाला इजा दिसली, रक्ताचा थेंब कुठे पडला, एवढे टिपून ठेवावे. जखमी अस्वल दुसऱ्या दिवशी सरपणाला आलेल्या बाईच्या वाटेत बसलेले असू शकते, आणि म्हणूनच ही माहिती दडवणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा अपराध आहे. ‘आपल्यावर केस होईल’ या भीतीने गप्प बसून गाडीत बसणारे गट त्या बाईचा विचार करत नाहीत.

नोंद आणि पंचनामा

वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ ही १९२६ क्रमांकाची निःशुल्क सेवा आहे. तिथे किंवा स्थानिक वनरक्षक, वनपाल अथवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे त्याच दिवशी कळवावे. नोंद कुठे करायची हे घटना ज्या हद्दीत घडली त्यावर ठरते. नाशिकला परतून इथल्या वनविभागाच्या कार्यालयात गेले तर एक दिवस वाया जातो. जखमी नसतानाही, अस्वल नुसते चालून येऊन परत फिरले तरीही कळवावे. त्या वाटेवर मादी पिल्लांसह आहे एवढी बातमीही वनरक्षकाला उपयोगी पडते.

त्या संध्याकाळी प्रत्येक साक्षीदाराने आपापले निवेदन वेगळे लिहावे, एकमेकांशी जुळवून घेऊ नये. वेळ, ठिकाणाचे जीपीएस, गटातील संख्या, कोण कुठे उभे होते, अस्वल प्रथम किती अंतरावर दिसले, पिल्ले होती का, आपण काय करत होतो, कोणी दगड किंवा काठी मारली का आणि ते शेवटी कुठे गेले, हे सगळे त्यात असावे. स्वतःला अडचणीचे वाटणारे तपशीलही गाळू नयेत. पंचनाम्यात जमिनीवरच्या खुणा बोलतात, आणि जबाब त्यांच्याशी विसंगत निघाला की खरे सांगणाऱ्यावरही संशय येतो. फाटके कपडे, सॅक धुऊ नये, पंचनामा होईपर्यंत तशीच ठेवावी.

राज्य शासन अस्वलाच्या हल्ल्यासाठी अर्थसाहाय्य देते. २०२३ पासून मृत्यू झाल्यास २५ लाख, कायमचे अपंगत्व आल्यास साडेसात लाख आणि गंभीर जखमेसाठी पाच लाख रुपये असे स्वरूप आहे. किरकोळ जखमेसाठी औषधोपचाराचा खर्च मर्यादेत मिळतो. यासाठी पंचनामा, शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र, उपचारांची कागदपत्रे, ओळखपत्र आणि बँक पासबुकाची प्रत लागते. खासगी रुग्णालयात दाखल असाल तरी शासकीय प्रमाणपत्राची व्यवस्था सुरुवातीलाच करावी. महिन्यानंतर जखम भरल्यावर तिचे गांभीर्य सिद्ध करणे अवघड जाते.

गाव, फोन आणि मागून येणारे

घटनेनंतर तासाभरात जवळच्या पाड्यावर बातमी पोहोचलेलीच असते. गटाने पोलीस पाटील आणि सरपंचांना स्वतः भेटून नेमकी जागा सांगावी, म्हणजे मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करणारे एक-दोन दिवस ती वाट टाळतील. तरुण मंडळी काठ्या, कुऱ्हाडी घेऊन निघू लागली, तर आपल्या जखमीच्या रागाच्या भरात त्यांना पुढे करू नये; डिवचलेले अस्वल आणखी माणसे जखमी करते, आणि गुन्हा दाखल होतो तो त्या गरीब पोरांवर. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे का आणि त्याचे काय करायचे, याचा निर्णय फक्त मुख्य वन्यजीव रक्षक घेऊ शकतात. वनरक्षकाला घेरून ‘गोळी घाला’ म्हणण्याने काहीच निष्पन्न होत नाही.

जखमीचे फोटो, रडणारे नातेवाईक, अस्वलाचे लोकेशन यांतले काहीही व्हॉट्सॲपवर टाकू नये. घरच्यांना बातमी फोनवर, गटप्रमुखाने स्वतः द्यावी. इतर ट्रेकिंग गटांना मात्र जरूर कळवावे : कोणती वाट, कोणती वेळ, पिल्ले आहेत की नाहीत आणि वनखात्याने ती वाट बंद केली आहे का, एवढ्या चार ओळी पुरेशा असतात.

हल्ल्यातून वाचलेल्या माणसाला आणि तो पाहणाऱ्यांनाही पुढचे काही आठवडे झोप न लागणे, दचकणे, अंधाराची भीती वाटणे असा त्रास होऊ शकतो. महिनाभरात तो कमी झाला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवसाची लस चुकण्याची शक्यता याच काळात जास्त असते, म्हणून त्या तारखांना जखमीला दवाखान्यात नेण्याचे काम गटातल्या एकाने आपल्याकडे घ्यावे, आणि त्याच फेरीत पंचनाम्याची प्रत व वैद्यकीय प्रमाणपत्र वनपरिक्षेत्र कार्यालयात पोहोचले का, याचा पाठपुरावाही करावा.